पाणी कुठे मुरलं? विरघळणाऱ्या बॅटरीचं एक प्रकरण

शरीरात काही दिवस काम करून विरघळून जाणारी बॅटरी बनवण्याच्या एका प्रयत्नाची ही हकीकत आहे. मी त्या गटात विद्युत्‌रसायनाची बाजू बघत होते. गटाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि काही आकडे गोल केले आहेत. पहिली फेरी फसली. ती का फसली हे कळायला जो वेळ लागला, त्यातला निम्मा वेळ वाचवता आला असता, म्हणून हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

काही उपकरणं शरीरात थोड्याच दिवसांसाठी हवी असतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर लागणारा पेसमेकर, किंवा शिवलेल्या मज्जातंतूला सुरुवातीचे काही दिवस विजेचे हलके ठोके देणारा स्टिम्युलेटर. काम संपलं की ती काढावी लागतात, आणि काढणं हाही धोकाच असतो. नील आर्मस्ट्राँग यांचं २०१२ मध्ये निधन झालं. बायपासनंतर लावलेल्या तात्पुरत्या पेसमेकरच्या तारा काढल्यावर त्यांना आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला होता, हे पुढे काही वर्षांनी बाहेर आलं. उपकरण आपोआप विरून गेलं तर ओढून काढायची वेळच येणार नाही, ही या सगळ्या क्षेत्रामागची साधी कल्पना.

त्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, अमेरिकेतले मटेरियल-शास्त्रज्ञ जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिपातळ सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि रेशीम वापरून पाण्यात विरघळणारं सर्किट दाखवलं. सर्किटला वीज लागते, म्हणून २०१४ मध्ये त्याच परंपरेतली बॅटरी आली. तिच्यात मॅग्नेशियम आणि मॉलिब्डेनमचे चार सेल एकापुढे एक जोडलेले होते आणि आवरणही विरघळणारं होतं. २०१८ मध्ये मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडचा कॅथोड (बॅटरीचं धन टोक) वापरलेली बॅटरी आली. ती सुमारे दीड व्होल्ट देत होती आणि १३ दिवसांपर्यंत चालली.

आमचं उपकरण मज्जातंतूसाठी होतं. तुटलेला मज्जातंतू शिवला की आतले धागे दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. मज्जातंतूंच्या वाढीवर संशोधन करणाऱ्या टेसा गॉर्डन यांच्या गटाने २००० च्या सुमारास दाखवलं होतं, की शिवल्यावर लगेच २० हर्ट्झने एक तास ठोके दिले तर ही वाढ लवकर मार्गी लागते. २०१८ मध्ये बॅटरी नसलेल्या, बाहेरून बिनतारी ऊर्जा घेणाऱ्या विरघळत्या उपकरणाने उंदरांमध्ये रोज एक तास असे सहा दिवस ठोके दिले गेले, आणि एका दिवसापेक्षा सहा दिवसांचा फायदा जास्त दिसला. आम्हाला तेच करायचं होतं, पण बॅटरीवर. रोज एक तास, सहा दिवस, आणि नंतर मागे काही उरू नये.

गट लहान होता: एक सर्जन, एक मटेरियलचे जाणकार, एक इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, मी आणि माझी पीएचडीची विद्यार्थिनी.

बॅटरीचा पहिला आराखडा

आराखडा २०१४ च्या बॅटरीच्या वळणावर बेतला होता. मॅग्नेशियमचा पत्रा अर्धा चौरस सेंटिमीटर, जाडी ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). समोर मॉलिब्डेनमचा पत्रा, मध्ये खारट जेल. असे चार सेल ओळीने. आवरण आणि सेलांमधल्या भिंती शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्या पीएलजीए पॉलिमरच्या, कडा उष्णतेने चिकटवलेल्या.

चार सेल का? कारण अभियंत्याला ठोक्यासाठी एक मिलिअँपिअर प्रवाह हवा होता. इलेक्ट्रोड आणि ऊतक मिळून साधारण एक किलोओहम रोध धरला, तर एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. सर्किटचं स्वतःचं वेगळं. मॅग्नेशियम–मॉलिब्डेनमचा सेल भाराखाली अर्ध्या व्होल्टच्या आसपास देतो. म्हणजे चार.

आता एक हिशेब मांडते. तो आम्ही तेव्हाच मांडला होता, पण त्याकडे नीट पाहिलं नाही. ठोका ०.१ मिलिसेकंदाचा, सेकंदाला २० ठोके, प्रत्येकी एक मिलिअँपिअर. सरासरी प्रवाह होतो फक्त २ मायक्रोअँपिअर. रोज एक तास, सहा दिवस, म्हणजे एकूण १२ मायक्रोअँपिअर-तास. एक मिलिग्रॅम मॅग्नेशियम तात्त्विकदृष्ट्या २.२ मिलिअँपिअर-तास देतं. आमच्या एका पत्र्यात सव्वाचार मिलिग्रॅमच्या थोडं वर मॅग्नेशियम होतं, म्हणजे साडेनऊ मिलिअँपिअर-तास. गरजेच्या जवळपास आठशे पट!

हे पाहून आम्ही खूश झालो. खरं तर इथेच प्रश्न पडायला हवा होता. बॅटरीतलं आठशेपैकी सातशे नव्व्याण्णव भाग मॅग्नेशियम जर ठोक्यांसाठी नसेल, तर ते कशासाठी आहे? आणि ते जाणार कुठे?

अडचण

नैतिक समितीची परवानगी घेऊन सशांच्या मागच्या पायातल्या मज्जातंतूवर उपकरण बसवलं. चाचणीपुरत्या दोन बारीक तारा त्वचेबाहेर काढल्या होत्या, म्हणजे रोज व्होल्टेज मोजता येईल. पहिले दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी एका सशाच्या बॅटरीचं व्होल्टेज खाली आलं, चौथ्या दिवशी आणखी दोघांचं. पाचव्या दिवशी त्यांपैकी एकाच्या मांडीवर फुगवटा दिसला. बोटांनी दाबलं की त्वचेखाली चुरचुर जाणवत होती.

सर्जनच्या मनात पहिला विचार आला तो जंतुसंसर्गाचा, आणि तो येणं योग्यच होतं. काही जंतू ऊतकांत वायू तयार करतात आणि ते प्रकरण जिवावर बेततं. सुईने नमुना घेऊन कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला, पाठवला. वायू निघाला, पू नाही. ससा खात होता, ताप नव्हता.

इथे पहिला मोठा निर्णय आला आणि आम्ही तो वाईट पद्धतीने घेतला. सर्जनचं म्हणणं होतं, सगळी उपकरणं आजच काढू. अभियंत्याचं म्हणणं, सहा दिवस पूर्ण होऊ द्या, एकच दिवस उरलाय. मी गप्प राहिले, कारण मला आकडे हवे होते. वाद दोन दिवस चालला. शेवटी सर्जन म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, हा वायू उद्या किती असेल?" कुणालाच सांगता येईना. उपकरणं त्याच दुपारी काढली.

खरं म्हणजे तो आकडा काढता येत होता. मॅग्नेशियमचा एक अणू पाण्याशी झगडून विरघळला की हायड्रोजनचा एक रेणू सुटतो. त्यामुळे ३७ अंशांना एक मिलिग्रॅम मॅग्नेशियममागे साधारण एक मिलिलीटर वायू येतो. चार पत्रे मिळून सतरा मिलिग्रॅमच्या वर धातू, म्हणजे सगळा विरघळला तर १८ मिलिलीटरच्या आसपास हायड्रोजन. सशाच्या मांडीत हे थोडं नाही. तो महिनाभर हळूहळू सुटला तर ऊतकं शोषून घेतात, रक्त वाहून नेतं. आठवड्यात सुटला तर साठतो. बॅटरीच्या क्षमतेचा हिशेब आम्ही चार दशांश स्थळांपर्यंत केला होता. वायूचा हिशेब पाठीमागच्या कोऱ्या कागदावर दोन मिनिटांत झाला असता.

चुकीचा माग

आता पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं होतं, आणि या खेपेला ते शब्दशः खरं होतं.

आमचा पहिला संशय प्रयोगशाळेतल्या द्रावणावर गेला. बॅटऱ्या फॉस्फेट बफर या साध्या खारट द्रावणात तपासल्या होत्या. शरीरात त्याखेरीज बायकार्बोनेट असतं, कॅल्शियम असतं, प्रथिनं असतात. मॅग्नेशियमवर कुठला थर बसतो आणि तो किती काळ संरक्षण देतो, हे या सगळ्यावर ठरतं. म्हणून सगळ्या चाचण्या सीरमयुक्त (रक्तातला पेशीविरहित द्रव घातलेल्या) द्रावणात पुन्हा केल्या. त्यात सहा आठवडे गेले आणि हाती काही लागलं नाही. सीरममध्येही सुटे सेल व्यवस्थित चालले.

मागे वळून पाहताना वाटतं, की हा संशय मुळातच उलट्या दिशेचा होता. मॅग्नेशियमवर झालेल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय, की ते प्रयोगशाळेतल्या द्रावणात शरीरापेक्षा सहसा जास्त वेगाने गंजतं. आमच्याकडे नेमकं उलटं घडलं होतं: बीकरमध्ये संथ, सशात झपाट्याने. निरीक्षण माहीत असलेल्या कलाच्या विरुद्ध जात असेल तर द्रावणाला दोष देऊन भागत नाही, काहीतरी वेगळंच चाललंय असं समजायला हवं. मी या विषयातली, मला हे आधी सुचायला हवं होतं.

दुसरा संशय आमच्या अभियंत्याचा: सर्किट जास्त प्रवाह ओढत असेल. तो एका दुपारी मोजून निकालात निघाला.

उलगडा

उलगडा केला तो विद्यार्थिनीने. काढलेल्या बॅटऱ्या धुऊन, उघडून तिने चारही मॅग्नेशियमचे पत्रे क्रमाने काचेवर मांडले आणि मला बोलावलं.

"मॅडम, हे बघा. पहिला पत्रा जवळजवळ जसाच्या तसा आहे. बाकीच्या तिघांची चाळण झालीय."

"चारही सेलमधून प्रवाह सारखाच जातो ना? मग झीजही सारखीच हवी."

"तेच तर. आणि व्होल्टेजचा आलेख पाहिलात का? उतार नाहीये, पायऱ्या आहेत."

खरंच पायऱ्या होत्या. संपत आलेल्या बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू उतरतं. आमचं मात्र एका झटक्यात एका सेलएवढं खाली येत होतं, काही तास तिथेच थांबत होतं, मग पुन्हा एका सेलएवढं खाली. शेवटी चार सेलच्या बॅटरीचं व्होल्टेज एका सेलइतकं उरत होतं. मी हे आलेख आधी पाहिले होते. पण मापनातला गोंधळ समजून पुढे गेले होते.

त्यामागचं कारण असं. ओळीने जोडलेल्या बॅटरीत पहिल्या सेलचा कॅथोड आणि दुसऱ्याचं मॅग्नेशियम तारेने जोडलेले असतात. मधली भिंत शाबूत असेपर्यंत ते वेगवेगळ्या पाण्यात असतात, म्हणून काही बिघडत नाही. भिंत पाझरली की दोघं एकाच पाण्यात येतात: मॅग्नेशियम आणि मॉलिब्डेनम, तारेने जोडलेले, एकाच खारट द्रवात. म्हणजे ती जोडी शॉर्ट झाली. बाहेर ती एक मिलिव्होल्टही देत नाही, पण आतल्या आत मॅग्नेशियम जमेल तितक्या वेगाने विरघळत राहतं आणि वायू सोडत राहतं. पहिला पत्रा या भानगडीबाहेर राहतो, म्हणून तो वाचतो. व्होल्टेज पडणं आणि मांडी फुगणं ही आम्ही दोन वेगळी दुखणी समजत होतो. दोन्हींचं मूळ एकच निघालं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियन सर्जन अल्बिन लाम्बोत यांनी मोडलेलं हाड मॅग्नेशियमच्या पट्टीने जोडलं आणि पट्टी बसवायला सोन्याचा मुलामा दिलेले पोलादी खिळे वापरले. पट्टी आठ दिवसांत विरून गेली आणि त्वचेखाली भरपूर वायू साठला. मॅग्नेशियम, त्याला टेकलेलं सोनं आणि पोलाद, भोवती खारट पाणी. नकळत त्यांनी रुग्णाच्या पायात शॉर्ट झालेली बॅटरी बसवली होती. ही गोष्ट मॅग्नेशियमच्या इम्प्लांटवर लिहिणारे बहुतेक जण सांगतात, मीही वर्गात कित्येकदा सांगितली आहे. सशाच्या मांडीत तीच समोर आली तेव्हा मात्र मी ती ओळखली नाही.

भिंत का पाझरली? तीन कारणं एकत्र आली. पीएलजीए कोरडं असताना ४५ ते ५० अंशांपर्यंत कडक राहतं, पण पाणी शोषल्यावर शरीराच्या तापमानालाच नरम पडतं. पाय हलला की बॅटरीचं पाकीट वाकतं, आणि बीकरमध्ये ते कधीच वाकलं नव्हतं. शिवाय मॅग्नेशियम थोडंफार स्वतःहून गंजतच असतं, त्याचा वायू बंद पाकिटात साठून आतून भिंतींवर रेटा देत होता. वायू बनवणारी वस्तू आम्ही हवाबंद पाकिटात कोंडली होती. नरम झालेली, वाकणारी आणि फुगणारी भिंत किती टिकणार?

आणि हे चाचणीत दिसलं का नाही? कारण दहा-दहा दिवसांच्या चाचण्या सुट्या सेलवर झाल्या. चार सेलची पूर्ण बॅटरी फक्त २४ तास तपासली, तीही न हलवता. सुट्या सेलला शेजारी नसतो, त्यामुळे शेजाऱ्याशी शॉर्ट होण्याचा प्रश्नच येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता भिंती सुधारायचा. पृष्ठभागावरून झिजणारं पॉलिअनहायड्राइड हे पॉलिमर वापरावं, कडा रुंद कराव्यात. मटेरियलवाल्यांचा कल इकडे होता. पण सेल चार म्हणजे भिंती तीन, आणि त्यातली एक फुटली तरी पुरे. शिवाय बंद पाकिटातल्या वायूचं काय करायचं, याला उत्तर नव्हतं.

दुसरा पर्याय बॅटरीच काढून टाकण्याचा. मॅग्नेशियमची कॉइल आत, ऊर्जा देणारं यंत्र बाहेर. मज्जातंतूसाठी २०१८ मध्ये आणि विरघळत्या पेसमेकरसाठी २०२१ मध्ये प्राण्यांवर हा मार्ग यशस्वी झाला होता. आम्ही तो एका बैठकीत फेटाळला. रुग्णाला बाहेरचं यंत्र नीट जागेवर धरावं लागेल, कॉइल मोठी होईल, पाय हलला की जोड तुटेल, अशी कारणं इतिवृत्तात आहेत. ती खोटी नाहीत. पण रोज एकच तास ठोके द्यायचे असतील तर रुग्ण एक तास स्वस्थ बसू शकतो, हेही तितकंच खरं. मला आजही वाटतं, की आम्ही बॅटरीवाले होतो म्हणून आम्हाला बॅटरी हवी होती.

तिसरा, शरीरातल्या द्रवालाच बॅटरीचं पाणी म्हणून वापरायचं. दोन धातू उघडे ठेवायचे, वेगळं पाकीट नाही, म्हणून गळती नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेला तांदळाच्या दाण्याहून लहान पेसमेकर, १.८ गुणिले ३.५ मिलिमीटर आणि जाडी एक मिलिमीटर, याच तत्त्वावर चालतो. आमची चर्चा त्याआधीची. तेव्हा आम्हाला भीती वाटली की व्होल्टेज कमी पडेल.

चौथा, कॅथोड बदलायचा. मॉलिब्डेनमच्या पत्र्यावर इलेक्ट्रॉन पाण्यालाच जातात आणि हायड्रोजन सुटतो. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड ते इलेक्ट्रॉन स्वतः घेतं. त्यामुळे व्होल्टेज वाढतं आणि काम चालू असतानाचा वायू घटतो. धातू स्वतःहून गंजतो त्याचा वायू मात्र राहतोच.

हे चारही पर्याय फळ्यावर असताना सर्जननी एक प्रश्न विचारला आणि चर्चेचा रोखच बदलला. "एक मिलिअँपिअर कुणी सांगितला?"

अभियंत्याने फाइल चाळली. तो आकडा एका जुन्या प्रयोगातून आला होता. तिथे मज्जातंतूजवळ नुसती तार ठेवली होती. आमचा इलेक्ट्रोड मज्जातंतूभोवती कडीसारखा गुंडाळलेला होता, आणि कडीला बराच कमी प्रवाह पुरतो. आकडा एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत आला होता आणि त्याला "गरज" हे नाव मिळालं होतं. पुढच्या शस्त्रक्रियेत सर्जननी तो मोजला. स्नायू हलायला निम्म्याहून कमी प्रवाह पुरला.

मग हिशेब नव्याने मांडला. अर्धा मिलिअँपिअर धरला तर ऊतकात अर्धाच व्होल्ट खर्च. सरासरी प्रवाह एक मायक्रोअँपिअर. दोन ठोक्यांमध्ये ५० मिलिसेकंद मोकळे असतात, म्हणजे ठोक्याच्या पाचशे पट वेळ. तेवढ्यात बॅटरीने छोटा कपॅसिटर (वीज साठवून एकदम सोडणारा भाग) भरायचा आणि ठोका कपॅसिटरने द्यायचा. चार सेलची गरजच राहत नव्हती, एक सेल पुरत होता. आणि सेल एक म्हणजे मधली भिंत नाही.

काय केलं

मॅग्नेशियमचा एक पत्रा, समोर मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडचा थर, मध्ये जेल. आवरण पॉलिअनहायड्राइडचं, आणि हवाबंद न ठेवता एका बाजूने वायू झिरपू शकेल असं. थोडं पाणी आत येईल हे गृहीत धरलं. एकाच सेलमध्ये आलेलं पाणी शॉर्ट करत नाही, फक्त जेल पातळ करतं. मॅग्नेशियम चौथ्या हिश्श्यावर आलं, त्यामुळे वायूची कमाल मर्यादा साडेचार मिलिलीटरवर आली.

मॉलिब्डेनमच्या मात्रेवर मात्र बराच खल झाला. माणसाच्या शरीरात मॅग्नेशियम सुमारे २५ ग्रॅम असतं, त्यात चार मिलिग्रॅमची भर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मॉलिब्डेनमचं तसं नाही. अमेरिकी आहार-मापदंडांत प्रौढांची रोजची गरज ४५ मायक्रोग्रॅम आणि वरची मर्यादा दोन मिलिग्रॅम दिली आहे. तीन मिलिग्रॅम ट्रायऑक्साइडमध्ये दोन मिलिग्रॅम मॉलिब्डेनम असतं. म्हणजे एका दिवसात सगळं बाहेर पडलं तर त्या मर्यादेला टेकतं. ही मर्यादा खाण्यातून येणाऱ्या मॉलिब्डेनमची आहे, इम्प्लांटला ती जशीच्या तशी लावता येत नाही. तरीही आम्ही तीन मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही असं ठरवलं आणि द्रावणात ते रोज किती सुटतं हे मोजलं.

दुसरा बदल माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अभियंत्याने विचारलं, "बॅटरीआधी चिप विरघळली तर?" चिपचं काम ठोक्याच्या दोन्ही दिशा समतोल ठेवणं. ती मेली आणि बॅटरी जिवंत राहिली, तर मज्जातंतूवर एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहू शकतो, आणि अशा प्रवाहाने ऊतकाला इजा होते. तोवर आम्ही प्रत्येक भाग किती दिवस जगेल एवढंच पाहत होतो. कोण आधी मरणार, हा प्रश्न कुणी काढला नव्हता.

मग क्रम लिहून काढला. आधी बॅटरीचा चिपशी असलेला जोड तुटायला हवा, मग चिप, मग तारांचं आवरण, सगळ्यात शेवटी कडी. जोड तोडण्यासाठी बॅटरी आणि चिपच्या मध्ये, आवरणाबाहेर, मॅग्नेशियमची अतिपातळ पट्टी ठेवली आणि तिच्यावर मोजून पॉलिमर चढवलं. ते झिजलं की पट्टी काही तासांत विरते आणि वीज बंद होते. घरातल्या फ्यूजसारखीच, फक्त ही तारखेने उडते. लक्ष्य नववा दिवस होतं. चाचणीत पट्ट्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे तुटल्या. सहाव्या दिवसाआधी एकही तुटली नाही, त्यामुळे चालवून घेतलं.

चाचण्याही बदलल्या. या खेपेला सुटा सेल न तपासता पूर्ण उपकरण तपासलं, सीरममध्ये, ३७ अंशांना, वाकवणाऱ्या यंत्रावर. काही पाकिटांना मुद्दाम सुईने भोक पाडून पाहिलं, की फुटल्यावर काय होतं. आणि प्राण्यांवर जाण्याआधी थांबण्याचा नियम लिहिला: वायू किती दिसला, सूज किती झाली की उपकरण कुणालाही न विचारता काढायचं. तो नियम सर्जन आणि पशुवैद्य या दोघांनीच लिहिला. आम्हा बाकीच्यांना त्यात मत नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

परिणाम

दुसऱ्या फेरीत पाच सशांपैकी चौघांमध्ये सहाही दिवस ठोके मिळाले. पाचव्यात चौथ्या दिवशी बंद पडले. उघडल्यावर दिसलं की कपॅसिटरचा टाका सुटला होता, बॅटरी ठीक होती. वायूचा बारीक बुडबुडा एक्स-रेमध्ये तिघांत दिसला, हाताला कुणाच्याच लागला नाही, आणि पुढच्या दोन आठवड्यांत तो नाहीसा झाला. थांबण्याचा नियम वापरावा लागला नाही.

मज्जातंतू त्यामुळे लवकर बरा झाला का, हे पाच सशांवरून सांगता येत नाही आणि आम्ही ते सांगितलंही नाही. फेरीचा उद्देश बॅटरी वागते कशी हे पाहण्याचा होता.

एक दोष राहिला. ट्रायऑक्साइडच्या थराला आधार आणि वीज वाहायला मार्ग म्हणून मागे मॉलिब्डेनमचा पातळ पत्रा ठेवावाच लागला होता. शुद्ध मॉलिब्डेनम विरघळायला फार वेळ लावतं, प्रयोगांत त्याचा वेग वर्षाला दहा-एक मायक्रॉनच्या घरात दिसतो. आमचा पत्रा दहा मायक्रॉनचा. म्हणजे सहा दिवसांच्या कामासाठी बसवलेल्या उपकरणाचा एक तुकडा कित्येक महिने आत राहणार.

वेगळं काय करता आलं असतं

गरजेचे आकडे पहिल्याच दिवशी सर्जनसमोर ठेवले असते तर चार सेलची बॅटरी बनलीच नसती. एक मिलिअँपिअरचा तो आकडा आमच्या प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी होता आणि त्याचा उगम कुणालाच ठाऊक नव्हता.

बिनतारी पर्यायाला एक बैठक पुरेशी नव्हती. निदान दोन आठवडे देऊन, बॅटरीशी काहीही देणंघेणं नसलेल्या कुणाकडून तो तपासून घ्यायला हवा होता.

थांबण्याचा नियम आधी नव्हता, म्हणून ससा फुगलेला असताना आम्ही दोन दिवस वाद घातला. याची मला अजून लाज वाटते.

आणि आलेखातल्या त्या पायऱ्या. त्या तिसऱ्या दिवसापासून समोर होत्या. तेव्हाच कुणी विचारलं असतं, की प्रत्येक पायरी बरोबर एका सेलएवढीच का, तर सीरममधले सहा आठवडे वाचले असते. विद्यार्थिनीने त्या पाहिल्या, कारण आलेख हाताने काढण्याचं काम तिच्याकडे होतं. आम्ही बाकीचे सरासरीचा तक्ता वाचत होतो, आणि सरासरीत पायऱ्यांचा उतार होऊन जातो.

मॉलिब्डेनमचा पत्रा पातळ करायचं काम सध्या चालू आहे. एक मायक्रॉनच्या खाली गेलं की थर हाताळताना तडकतो, वर राहिलं की महिने वाढतात. सहा महिन्यांनी तपासलेल्या सशात कडी नव्हती, चिप नव्हती, मॅग्नेशियमचा मागमूस नव्हता, फक्त करड्या रंगाची एक किनार ऊतकात रुतलेली होती. सर्जननी ती चिमट्याने उचलून उजेडात धरली आणि नोंदवहीत "पूर्ण विरघळण्याची तारीख" हा रकाना कोरा ठेवून सही केली.